सुपरहिरोला धर्म कशाला? – त्या पत्राला माझं उत्तर

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या पुरवणीत सुपरहिरोंवर जो लेख आला होता त्यात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या मिस मार्व्हल या मुस्लिम मुलीबद्दल, म्हणजे कमला खानबद्दल, चारच ओळी होत्या, आणि त्या चार ओळींवरसुद्धा पुढच्याच आठवड्यात एका वाचकांचं पत्र छापून आलं की सुपरहिरोला धर्म कशाला हवा, निदान मुलांच्या गोष्टींत तरी हे आणू नका. ते वाचल्यापासून मला राहवत नाहीये. त्या वाचकांचा हेतू वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, मुलांनी माणूस म्हणून वाढावं असंच त्यांना वाटत असणार, पण त्यांनी कमला खान वाचलेली नाही हे पत्रावरून कळतं. मी वाचलीये, माझ्या मुलीने तर पारायणं केलीयेत, आणि आम्ही राहतो न्यू जर्सीत, जिथली ही गोष्ट आहे. पत्र लांबणार आहे. जागेसाठी कापलंत तरी चालेल, फक्त जर्सी सिटीचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी धर्माचं बोलू. मार्व्हलचाच सुपरहिरो डेअरडेव्हिल कॅथलिक आहे, चर्चमध्ये जाऊन कन्फेशन देतो, म्हणजे पापांची कबुली, त्याच्या कितीतरी गोष्टी त्या अपराधीपणावरच उभ्या आहेत. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या गटातला नाइटक्रॉलर इतका श्रद्धाळू कॅथलिक की विचारू नका. त्याच गटातली किटी प्राइड 1980 मध्ये आली तेव्हा साडेतेरा वर्षांची होती आणि ती ज्यू आहे, गळ्यात स्टार ऑफ डेव्हिड हे ज्यूंचं चिन्ह घालते. त्यांचा शत्रू मॅग्नेटो हा ऑशविट्झ या नाझी छळछावणीतून वाचलेला मुलगा आहे आणि ते काढून टाकलं तर मॅग्नेटो उरतच नाही. अहो, 1938 मध्ये ज्या सुपरमॅनची पहिली गोष्ट छापून आली तो तयार करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँडमधल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरातली पोरं होती, आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेला, नाव बदलून राहणारा, दोन जगांत पाय असलेला मुलगा त्यांना का सुचला असेल हे सांगायला नको. म्हणजे धर्म, घर, आईबापांची पार्श्वभूमी हे सगळं या गोष्टींत पहिल्यापासून होतंच, कोणी हरकत घेतली नाही. हरकत मुसलमान मुलगी आल्यावरच आठवते. त्या वाचकांनी मुद्दाम तसं केलं असं नाही, पण आपल्या सगळ्यांनाच ती सवय लागलीये आणि म्हणूनच ही मुलगी महत्त्वाची आहे.

आता ती कोण ते सांगते, कारण पुरवणीतल्या लेखात फार घाईत उरकलं होतं. कमला खान सोळा वर्षांची, आईवडील पाकिस्तानातून आलेले, स्वतः जर्सी सिटीत वाढलेली, अभ्यासात बरी, रात्री जागून ऍव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टीमवर फॅन-फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहिणारी. 2013 मध्ये कॅप्टन मार्व्हल या दुसऱ्या नायिकेच्या, कमलाच्या आदर्शाच्या, अंकात ती पहिल्यांदा ओझरती दिसली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये तिच्या स्वतःच्या नावाचा पहिला अंक आला. मार्व्हलमध्ये मुस्लिम पात्राच्या नावावर स्वतंत्र मालिका निघायची ती पहिलीच वेळ. कल्पना संपादक सना अमानत यांची, त्या स्वतः पाकिस्तानी-अमेरिकन आणि न्यू जर्सीतच वाढलेल्या, त्या लहानपणीचे किस्से सहकारी संपादक स्टीफन वॅकर यांना सांगत होत्या आणि त्यातून हे निघालं. लिहिलं जी. विलो विल्सन यांनी, त्या अमेरिकन आहेत, तरुणपणी इस्लाम स्वीकारलेला, कैरोत राहून आलेल्या. चित्रं एड्रियन अल्फोना यांची आणि ती चित्रं नीट बघायलाच हवीत कारण मागे दुकानांच्या पाट्यांवर, डब्यांच्या लेबलवर इतकं काय काय लपवलेलं असतं की एक पान वाचायला दहा मिनिटं लागतात.

मार्व्हलमध्ये याआधी मुस्लिम पात्रं नव्हती असं नाही. 2002 मध्ये एक्स-मेनमध्ये डस्ट नावाची अफगाण मुलगी आली, अंगभर काळे कपडे, चेहरा झाकलेला, शक्ती काय तर ती वाळूचं वादळ होते. डस्ट आवडणारे लोक आहेत आणि पुढच्या लेखकांनी तिला चांगलं वाढवलंही, पण सुरुवात बघा, दूरच्या युद्धातल्या देशातून वाचवून आणलेली, गूढ, वाळवंटातली. कमलाची पहिली गोष्ट सुरू होते ती कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, जिथे ती बेकनच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, सँडविचचा नुसता वास घेत उभी आहे. खायचं नाहीये, फक्त वास घ्यायचाय. मैत्रीण नकिया वैतागून म्हणते की एकतर खा नाहीतर सोड. बास, एवढ्यात कळतं की या मुलीचा धर्म तिच्या पोटात, नाकात, रोजच्या जगण्यात आहे.

याच पानांवर एक गोरी वर्गमैत्रीण येते, झोई, ती नकियाच्या हिजाबकडे बघून फार काळजीने विचारते की तुला हे घालायला घरच्यांनी भाग पाडलं नाही ना. आणि नकिया सांगते की उलट माझ्या वडिलांना मी हे काढावं असं वाटतं, त्यांना हे तात्पुरतं खूळ वाटतं. हे मला फार आवडलं कारण असं झोईसारखं काळजी करणारं माणूस मी कितीदा बघितलंय, मी स्वतःही कधीतरी त्याच नजरेने बघितलं असेल.

मग कमला घरून परवानगी नाही म्हणून खिडकीतून पळून पार्टीला जाते, तिथे तिची टिंगल होते, परत निघते तर रस्त्यात एक विचित्र धुकं पसरतं आणि तिच्या समोर कॅप्टन मार्व्हल प्रकट होते, सोबत आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका, आणि कॅप्टन मार्व्हलच्या तोंडी अमीर खुसरोची सरसोंची कविता. अमेरिकन कॉमिकमध्ये खुसरो! मी ते पान बघून खुर्चीतच सरसावून बसले. ती विचारते तुला काय व्हायचंय. कमला म्हणते मला तुमच्यासारखं व्हायचंय, सुंदर, जबरदस्त, कमी गुंतागुंतीचं. आणि खरंच तिला शरीर हवं तसं बदलायची शक्ती मिळते आणि ती गोरी, सोनेरी केसांची, उघड्या पायांच्या ड्रेसमधली मिस मार्व्हल, म्हणजे कॅप्टन मार्व्हलचंच जुनं रूप, होते. दुसऱ्या अंकात तिला काय कळतं तर ते बूट चावतात, केस तोंडात येतात, ड्रेस टोचतो, आणि दुसऱ्या कुणासारखं होऊन मोकळं वाटत नाही, दमायलाच होतं.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. लायब्ररीतून आणलेलं पुस्तक, जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवून वाचत होती, आणि कमलाचे अब्बू पार्टीला नाही म्हणतात ते पान माझ्यासमोर धरून म्हणाली, आई, हे डिट्टो तुझ्यासारखे बोलतात. मी वाचलं तर खरंच, रात्रीची पार्टी, मुलं असणार, सगळं तेच. पोरगी मराठी, हिंदू घरातली, आणि अख्ख्या अमेरिकन कॉमिक्समध्ये तिला पहिल्यांदा आपलं घर सापडलं ते एका पाकिस्तानी मुसलमान घरात. सुपरहिरोला धर्म कशाला विचारणाऱ्या वाचकांना मला हेच सांगायचंय की घर इतकं बारकाईने, नावगावासकट, नमाजासकट दाखवलं म्हणूनच ते तिला आपलं वाटलं. धर्म पुसून गुळगुळीत केलेली कमला असती तर तिला त्यात काहीच ओळखीचं दिसलं नसतं.

आता जर्सी सिटी. हे शहर हडसन नदीच्या अलीकडे, समोर मॅनहॅटन दिसतं. इथे न्यूअर्क ऍव्हेन्यूवर आपल्या लोकांची इतकी दुकानं आहेत की त्या भागाला इंडिया स्क्वेअर म्हणतात. पण 1987 मध्ये याच शहरात डॉटबस्टर्स नावाची टोळी होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. त्यांनी इथल्या स्थानिक पेपरला पत्र पाठवलं, ते छापूनही आलं, की भारतीयांना जर्सी सिटीतून घालवायला आम्ही कुठल्याही थराला जाऊ. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका पारशी तरुणाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो चार दिवसांनी गेला. त्या मारणाऱ्यांना हिंदू कोण, पारशी कोण, पाकिस्तानी कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे 2001 मध्ये, न्यूयॉर्कचे जुळे टॉवर पडल्यावर चारच दिवसांनी, ऍरिझोनात एका शीख पेट्रोलपंपवाल्याला मुसलमान समजून गोळी घालून मारलं. आपण इथे कितीही वेगळं समजत असलो तरी तिरस्कार करणारा सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो.

त्यानंतरची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. न्यूयॉर्क पोलिसांचं एक युनिट होतं, त्याचं कामच मुसलमान वस्त्यांवर नजर ठेवणं, कोणती मशीद, कोणतं दुकान, कॉलेजमधल्या मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटना, सगळ्याच्या नोंदी, आणि नदी ओलांडून न्यू जर्सीतही. 2011 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हे बाहेर काढलं, त्या बातम्यांना पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर मिळालं. न्यू जर्सीतल्या मुसलमानांनी 2012 मध्ये कोर्टात केस लावली, ती 2018 मध्ये समझोत्याने मिटली. ते युनिट बंद झालं एप्रिल 2014 मध्ये. कमलाचा पहिला अंक फेब्रुवारी 2014 चा. म्हणजे ज्या दिवसांत कॉमिक्सच्या दुकानात लोक या मुलीचा अंक विकत घेत होते, त्या दिवसांत तिच्याच शहराच्या आसपासच्या मशिदीत कोण येतं-जातं याची फाइल करणारं खातं अजून चालू होतं. हे डोक्यात ठेवून वाचलं ना की बेकनचा वास घेणारी मुलगी नुसती गंमत राहत नाही. ज्यांची फाइल केली जाते ती माणसं दुकानात उभी राहून काय विचार करतात, आईशी कशावरून भांडतात, कोणत्या विषयात मार्क कमी पडतात, हे त्या फाइलमध्ये कधीच नसतं. ते इथे आहे.

आणि ती लढते कशासाठी तेही बघा. पहिल्यांदा ती कुणाला वाचवते? त्याच झोईला, जिने तिची टिंगल केली. झोई नदीत पडते, कमलाला त्या क्षणी कुराणातली आयत आठवते, वडील नेहमी म्हणायचे ती, की ज्याने एका माणसाचा जीव वाचवला त्याने जणू सगळ्या मानवजातीला वाचवलं. मग तिचा हात प्रचंड मोठा होतो आणि ती झोईला बाहेर काढते. म्हणजे धैर्य तिला घरातून मिळालंय. आपल्या सिनेमा-सिरियलींत बघा, मुलगी मोठी होते म्हणजे आधी घराशी तोडते, बापाला खोटं ठरवते. कमला खोटं बोलते, उशिरा येते, शिक्षाही भोगते, पण तिचे अब्बू तिचे शत्रू नाहीत. तिचा पोशाखसुद्धा आईने आणलेल्या, कधीच न घातलेल्या बुर्किनीचा, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या कपड्यांचा, आहे. त्यावर विजेची खूण.

मशिदीतले शेख अब्दुल्ला हे तर माझं आवडतं पात्र. आधी कमला त्यांच्याशी वाद घालते की बायकांना पडद्यामागे बसवल्यावर तुम्ही दिसतही नाही, कसं शिकायचं. लेखिकेने हे लपवलेलं नाही. पुढे आईवडील तिला शेखांकडे पाठवतात की हिला समजवा. वाचताना आपल्याला वाटतं आता लेक्चर मिळणार. ते म्हणतात, तू जे काही लपून करतेयस ते करायचंच असेल तर धैर्याने, प्रामाणिकपणे, दया ठेवून कर, आणि एक गुरू शोध. दाढीवाला मौलवी दाखवला की पुढे काय येणार हे आपल्याला पडद्यावर इतक्या वर्षांत पाठ झालंय, आणि या दोन पानांत ते सगळं मोडलं. हा सीन मुलांच्या पुरवणीत छापण्यासारखा आहे, खरंच.

काही जण म्हणतात की सगळे मुसलमान गोड गोड दाखवलेत. नाही हो. कामरान नावाचा मुलगा येतो, देखणा, चांगल्या घरचा, आईवडील खूश. तोच तिला फसवून गाडीतून भलतीकडे नेतो आणि वर सांगतो की तू स्वतःहून गाडीत बसलीस ना, मग लोक तुलाच नावं ठेवतील. सोळा वर्षांच्या मुलीला हे वाक्य ऐकवणारा माणूस प्रत्येक समाजात असतो आणि त्याला घरच्यांची पसंती असते, हे इतकं थेट लिहिलेलं मी मराठी किशोर साहित्यात तरी फार कमी बघितलंय. कमला सुरुवातीला स्वतःलाच दोष देते, मग भानावर येते की चूक माझी नाही. माझ्या मुलीला हा भाग मी मुद्दाम वाचायला दिला. कमलाचा भाऊ आमिर, अति धार्मिक, त्याचं लग्न ठरतं टायशाशी, ती काळी अमेरिकन मुस्लिम, आणि मग घरातल्या घरात रंगावरून कसं अवघडलेपण येतं तेही दाखवलंय. इस्लाममध्ये सगळे सारखे म्हणणारं घर काळी सून म्हटल्यावर थबकतं. आपल्याकडे गोरी सून हवी म्हणणाऱ्यांना हे कळायला डिक्शनरी लागणार नाही.

व्हिलनबद्दल थोडक्यात, कारण ते मुलांनी स्वतः वाचण्यात मजा आहे. पहिल्या मोठ्या कथेतला खलनायक म्हणजे थॉमस एडिसनचा क्लोन, त्यात चुकून काकाकुव्यासारख्या पक्ष्याचे गुण मिसळलेले, दिसायला हास्यास्पदच. पण तो करतो काय तर घरून पळालेल्या पोरांना पटवतो की तुमची पिढी फोनमध्ये बुडालेली, निकामी, जगावर ओझं, तेव्हा तुम्ही आमच्या यंत्रांची बॅटरी तरी व्हा. आणि पोरं स्वखुशीने तयार होतात! त्यांना इतक्या मोठ्या माणसांनी इतक्या वेळा निकामी म्हटलेलं असतं की ते त्यांना खरंच वाटतं. कमला त्यांच्यासमोर उभी राहून हे खोडून काढते. घरात टीनएज पोर असेल त्या प्रत्येक आईबापाने हे वाचावं, मी वाचल्यानंतर मोबाईलवरून जे टोमणे मारायचे ते बंद केले.

2016 च्या कथेत तर ती आपल्या आदर्शाच्या, कॅप्टन मार्व्हलच्याच विरोधात जाते. भविष्य दिसतं म्हणून गुन्हा करण्याआधीच लोकांना पकडून कोंडायचं अशी योजना असते, कमलाला सुरुवातीला ते पटतं, मग वर्गातल्या पोराला उचलून नेतात तेव्हा पोटात गोळा येतो. ज्या समाजावर आधीच संशय घेतला गेला त्यातल्या मुलीने हा प्रश्न विचारणं आणि दुसऱ्या कुणी विचारणं यात फरक आहे. याच काळातल्या एका अंकात तिच्या पणजीची गोष्ट आहे, 1947 ची, फाळणीत मुंबई सोडून कराचीला गेलेलं जोडपं. आपल्याच मुंबईतून! म्हणजे जर्सी सिटीच्या सुपरहिरोची मुळं आपल्या शहरात निघाली, आणि पुरवणीतल्या लेखात याचा उल्लेखही नव्हता, याचं खरंच वाईट वाटलं.

पुस्तकाबाहेर काय झालं तेही सांगते. पहिल्या पाच अंकांच्या संग्रहाला 2015 मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत बसवर इस्लामची नाझींशी तुलना करणाऱ्या जाहिराती लागल्या होत्या, तर कुणीतरी त्यांच्यावर कमलाची चित्रं चिकटवून द्वेषाविरुद्ध घोषणा लिहिल्या. कंपनीने काही केलं नव्हतं, लोकांनीच तिला उचलून तिथे नेलं. वर्षभराच्या आत एक कागदावरची मुलगी लोकांच्या कामाला आली. 2022 मध्ये सहा भागांची सिरीज आली, कराचीत जन्मलेली आणि कॅनडात वाढलेली इमान वेलानी कमला झाली, आणि ती आधीपासूनच या कॉमिक्सची वेडी फॅन होती, पुढे तिने सहलेखक म्हणून कमलाचं कॉमिकही लिहिलं. सिरीजमध्ये हात मोठा होण्याऐवजी प्रकाशाची शक्ती दिली ते मला आवडलं नाही, शरीराची लाज वाटणाऱ्या वयात शरीरच हवं तसं बदलतं ही मूळ कल्पना जास्त खोल होती. पण फाळणीच्या स्टेशनवरचा भाग बघताना आम्ही दोघी रडलो. 2023 मध्ये तर कॉमिकमध्ये तिला मारलं, तेही स्पायडरमॅनच्या अंकात, दुसऱ्याच्या गोष्टीत, वाचक भयंकर चिडले आणि ते बरोबरच होतं. काही आठवड्यांत परत आणली, पण त्या मुलीचं मरण असं वापरायला नको होतं.

एक आक्षेप इथल्या काही मुस्लिम मैत्रिणींकडून ऐकलाय आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कमला हिजाब घालत नाही, मग ती अमेरिकेला सोयीची मुसलमान आहे का? माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी, स्वतः हिजाब घालणारी, तिचं म्हणणं होतं की मला कमलापेक्षा नकिया जास्त आवडते, तिचीच सिरीज हवी. मला ते पटलं. एका मुलीने सगळ्या मुसलमान मुलींचं ओझं वाहावं ही अपेक्षाच चुकीची आहे, दहा हव्यात, वीस हव्यात, घालणारी, न घालणारी, शिया, मलबारी, कोकणी. आणि कोकणी म्हणाले ते उगाच नाही. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान घरांतल्या मुली मराठी शाळेत शिकतात, आपल्याच मुलांच्या बाकावर बसतात, तुमची पुरवणी त्यांच्याही घरी जात असेल, पण त्या पुरवणीतल्या गोष्टींत ईदच्या शिरखुर्म्यापुरत्याच येतात. वर्षातून एकदा. त्यांच्यातली एखादी गणितात नापास का होत नाही, एखादी भूत का पकडत नाही, एखादी आईला खोटं सांगून सिनेमाला का जात नाही?

म्हणून माझी विनंती अशी की त्या पत्रानंतर हा विषय बंद करू नका. पुरवणीत कमला खानवर पूर्ण पानाचा लेख घ्या, लिहायला कुणी नसेल तर मी लिहून पाठवीन, पैसे नकोत. शक्य असेल तर नकियासारख्या वयाच्या मराठी मुस्लिम मुलींनाच लिहायला सांगा, ते माझ्या लेखापेक्षा कितीतरी चांगलं होईल. आणि ज्या वाचकांनी पत्र लिहिलं त्यांना मनापासून सांगणं, पहिल्या संग्रहाचं नाव 'नो नॉर्मल' आहे, त्यापासून सुरू करा, आधी सिरीज बघू नका, इंग्रजी सोपं आहे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत वाचायला काहीच हरकत नाही. पुढे 'लास्ट डेज' या नंतरच्या संग्रहापर्यंत आलात की तिथे कमला शेवटी अम्मीला खरं सांगते की मिस मार्व्हल मीच आहे, आणि अम्मी सांगते की मला माहीत होतं, माझी मुलगी लपूनछपून जर लोकांना मदत करायला जात असेल तर मी देवाचे आभार मानते. तिथवर वाचून झालं की त्यांनी पुन्हा पत्र लिहावं, मत तेच राहिलं तरी चालेल, मी त्याला नक्की उत्तर देईन.

आपली नियमित वाचक,
न्यू जर्सी